येलदरीवर फोटो काढणाऱ्यानं कोकणात काय काढावं?

जिंतूरकर
रामराम मंडळी. एप्रिलात पोरांच्या परीक्षा उरकल्या की दापोली-वेळासकडं जायचा विचार करायलो. माझं फोटो काढणं म्हणजे येलदरी धरणाचा काठ, बदकं आन् पाणकावळे. ७०-३०० लेन्स आहे, तेवढीच. समुद्राचं काही कळत नाही. मोठी लेन्स भाड्यानं घ्यावी का? कासवाची पिल्लं सापडतील का? बायकोनं आधीच विचारलंय, सुट्टीला चाललाव का ड्युटीला. म्हणजे सकाळ-संध्याकाळच काय ती माझी.

बाळू लातूर
घ्या की मोठी लेन्स, एवढ्या लांब जायलाव तर. आन् शेवेचं पुडकं सोबत ठेवा. टाकली की कुरवांचा (सीगल पक्ष्यांचा) थवा डोक्यावर येतो, भारी फोटो निघतात.

पैठणचे मास्तर
बाळू, शेव आपण खावी. तळलेलं खारट पाखरांना कशाला? आणि एप्रिलात कुरव भेटणार कुठून? ते थंडीचे पाहुणे, मार्च सरता सरता बहुतेक उत्तरेकडं निघालेले असतात.

जिंतूरकर, लेन्सचं राहू द्या, आधी कॅलेंडर काढा. मी नाथसागरावर फोटो काढतो आणि बहीण दापोलीत दिलेली, म्हणून दोन्हीकडचं पाणी बघितलंय. धरणाचं पाणी सकाळी असतं तिथंच संध्याकाळी असतं. समुद्र दिवसातून दोनदा येतो, दोनदा जातो, आणि रोज पाऊण तास उशिरा. त्यामुळं कोळी लोक तिथीवरून वेळ काढतात. लहानपणी पाऊणकी, म्हणजे पाऊणचा पाढा, घोकली असेल ना? तिथीची पाऊणकी करा, भरतीचा तास निघतो. चतुर्थीला चार पाऊणे तीन, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीला सहा. त्यापुढं साधारण सहा तासांनी ओहोटी. अर्धा-पाऊण तास इकडं तिकडं होतं, म्हणून गावात विचारून घ्यायचं.

आता हिशेब बघा. पौर्णिमा किंवा अमावास्या झाली की द्वितीयेला भरती दीडला, म्हणजे ओहोटी सकाळी साडेसातच्या आसपास. ऊन कोवळं, उधाणाचे दिवस असल्यामुळं पाणीही लांबवर हटलेलं. खडकातली डबकी उघडी पडतात, त्यात काळसर समुद्र बगळा पाय हलवत मासे उठवतो. तुमची ७०-३०० तिथं भरपूर. अष्टमीला गेलात तर ओहोटी भर दुपारी बारा वाजता, ऊन डोक्यावर, फोटो पांढरेफटक. खोली बुक करायच्या आधी तिथी बघा, एवढंच माझं म्हणणं.

तुतवार, चिखले असे काठावरचे बारके पक्षी दिसले तर त्यांच्या मागं पळू नका. ते एप्रिलातही थोडे असतात. भरती चढायला लागली की कोरड्या वाळूवर गुमान पालथं पडून राहायचं. पाणी त्यांना ढकलत ढकलत तुमच्याकडंच आणतं. येलदरीला ही सोय नाही.

कासवांचं सांगतो. वेळासला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं २००२ पासून कासवं वाचवायचं काम उभं केलं, नंतर गावानं अंगावर घेतलं. ऑलिव्ह रिडले जातीच्या कासवांची अंडी कुंपणाच्या आत हलवून पुरतात, पिल्लं बाहेर यायला ४५ ते ६० दिवस लागतात. वर आली तर सकाळी किंवा सांजच्याला सोडतात, नाही आली तर नाही. कुणी खात्री देत असेल तर विश्वास ठेवू नका. फ्लॅश बंदच. पिल्लू उजेडाकडं चालतं, समुद्र उजळ दिसतो म्हणून तिकडं जातं. तुमचा फ्लॅश बघून ते वळेल. दोरीच्या अलीकडं बसायचं, कॅमेरा वाळूला टेकवायचा, आयएसओ, म्हणजे कमी उजेडात फोटो काढायची कॅमेऱ्यातली सोय, बिनधास्त वाढवायचा. फोटोत दाणे आले तर येऊ द्या.

सागरी गरुडाचं घरटं दिसलं तर लांबूनच काढा, आणि जागा कुठं टाकू नका.

जिंतूरकर
मास्तर, पाऊणकी आजोबांनी मार देऊन पाठ करून घेतली होती, आता कामाला आली बगा! पण खाऱ्या वाऱ्यानं कॅमेरा खराब होतो म्हणतेत. आन् पोरं कंटाळतील त्याचं काय?

पैठणचे मास्तर
लेन्स किनाऱ्यावर बदलू नका. खोलीवर आलात की ओलसर, घट्ट पिळलेल्या फडक्यानं बाहेरून पुसा, मग कोरड्यानं. कोरड्यानं आधी पुसलं तर वाळूचे कण काच ओरखडतात. एसीच्या खोलीतून एकदम बाहेर काढू नका, काचेवर वाफ धरते. पिशवीतच थोडा वेळ राहू द्या. वाळू उजळ असते, कॅमेरा फसून फोटो काळवंडतो, तेव्हा एक्स्पोजर थोडं अधिक ठेवा. आणि पांढरा बगळा गडद पाण्यावर असेल तर उलट, कमी.

पोरांना ओहोटीला ओल्या वाळूवर सोडा. बारके खेकडे वाळू चाळून खातात आणि उरलेल्या गोळ्या भोवती टाकत जातात, नक्षी होते. त्यांचे फोटो पोरं मोबाईलवरच तुमच्यापेक्षा चांगले काढतील.

बाळू लातूर
मास्तर, शेव मागं घेतली. जिंतूरकर, वेळासहून हरिहरेश्वरला जायचं असेल तर वेसवीहून बागमांडल्याला फेरी बोट आहे, गाडीसुद्धा चढते. वहिनींना तेवढं तरी फिरवा.

जिंतूरकर
फेरीचं तिला सांगितलं, ती तयार झाली. पंचांग घेऊन बसलोय.