परभणी–जिंतूर रोजची ये-जा: गाडीचं खरं ॲव्हरेज कसं काढायचं? (बजेट १५०० रु.)

मास्तर_रोजफेरी (परभणी)
नमस्कार मंडळी. आम्ही चौघं मास्तर परभणीहून जिंतूरला रोज एकाच गाडीत जातो. जाऊन-येऊन ९० किलोमीटर, शाळेचे दिवस महिन्याला २४ धरा. गाडी माझी, २०२२ ची पेट्रोल हॅचबॅक, १.२ चं इंजिन, टाकी ३७ लिटरची. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर धागा तिकडंच जाईल.
भांडण असं की पेट्रोलचे पैसे मी लिटरला १६ किमीच्या हिशोबानं मागतो, अन् पुढच्या सीटवर बसणाऱ्या गणिताच्या सरांना स्क्रीनवर १९ दिसतं. लिटरला १०६ धरले तर १९ नं रोजचे ५०२ होतात, १६ नं ५९६. म्हणजे फरक माणशी दिवसाला २३-२४ रुपये, महिन्याला साडेपाचशेच्या वर. मी मधले पैसे खातो असं सरळ कुणी म्हणलं नाही, पण परवा वाटेतलं झरी गाव येईपर्यंत गाडीत कुणी बोललं नाही.
खरा आकडा कसा काढावा? यंत्र घ्यायचं तर १५०० च्या वर जाणार नाही. दुसरी गाडी घ्या, सीएनजी बसवा, असं कृपया सांगू नका.

डिझेलच_बरं (लातूर)
रोज ९० किमी पळवायची अन् पेट्रोल घेतली, इथंच चुकलं सर. माझी २०१६ ची डिझेल लातूर-नांदेड एसी लावून २३ देती. ९ वर्षांत एकदा क्लच, बाकी हात लावला नाही. पेट्रोलवाल्यांनी ॲव्हरेज विचारूच नये, उगं जिवाला घोर.

जालनेकर
सीएनजी बसवा. नको म्हणलात ते वाचलं, तरी सांगतो. मी ६५ हजार घातले, दीड वर्षात वसूल. फक्त डिकी गेली, लग्नाला जायचं तर बॅगा मांडीवर घ्याव्या लागतात.

मास्तर_रोजफेरी
साहेब, बजेट पंधराशे आहे. पासष्ट हजार नाही.

ड्रायव्हर_अण्णा (बीड)
मास्तर, यंत्र-बिंत्र काही लागत नाही. टाकी फुल करा. नोझल पहिल्यांदा आपोआप बंद झालं (कट झालं) की थांबायचं, पोरगं वरून "राऊंड फिगर करू का" म्हणंल, नाही म्हणायचं. ट्रिप मीटर शून्य करा. चारशे-पाचशे किमी चालवा. परत त्याच पंपावर, त्याच मशीनवर, गाडी त्याच जागी उभी करून, पुन्हा पहिल्या कटपर्यंत फुल. पावतीवर जेवढे लिटर, त्यानं किलोमीटरला भागायचं. झालं.
हे एकदा करून भागत नाही. कट कधी अलीकडं होतो, कधी पलीकडं. पेट्रोलला फेस आला की नोझल आधीच कट होतं. अर्ध्या-एक लिटरचा फरक सहज पडतो. ३० लिटरवर एक लिटर चुकलं म्हणजे १६ चे साडेसोळा होतात. तीन-चार टाक्या करा. ३१ वर्षं टॅक्सी चालवली, मालकाला हिशोब असाच दिला.

समृद्धी_१२०
मला समृद्धीवर २२ मिळालं. संभाजीनगर ते शिर्डी. पेट्रोलच.

डिझेलच_बरं (लातूर)
किती स्पीडनं?

समृद्धी_१२०
८० नं. पण परत येताना उशीर झाला होता, १२० लावली तर १४ वर आलं. वारा कापायलाच पेट्रोल जातं. वेग दीडपट केला की वाऱ्याचा विरोध सव्वादोन पट होतो, हे मला नंतर कळलं.

जालनेकर
समृद्धीवर ८० नं? मागच्या ट्रकवाल्यानं शिव्या दिल्या असतील.

सेलूची_बाई
अण्णांचं बरोबर आहे, टाकी फुल ते टाकी फुल. आमच्याकडं हे काम माझ्याकडंच आहे, कारण "हे" दर वेळी ५०० चं टाकतात आणि मग वर्षभर ॲव्हरेज पडलं म्हणतात.
एक सांगते, कारण धाग्यात गणिताचे सर आहेत. तीन टाक्यांचे तीन आकडे आले की त्यांची सरासरी काढायची नाही. एकूण किलोमीटर भागिले एकूण लिटर, एवढंच. १०० किमी गावात १० च्या ॲव्हरेजनं, १०० किमी रोडला २० नं, तर सरासरी १५ येते. पण पेट्रोल गेलं १० अधिक ५, म्हणजे १५ लिटर, अन् २०० भागिले १५ म्हणजे १३.३. हा घोळ आमच्या घरी वर्षभर चालला.

ड्रायव्हर_अण्णा (बीड)
ताईंनी लाखातलं सांगितलं.

उदगीरकर_दादा
टाकी फुल करायची, परत फुल करायची. सोपं आहे. शिवाय २०० चं टाकू नका, २१० चं टाका, २०० वर मशीन सेट केलेलं असतं.

सेलूची_बाई
दादा, ती जुनी अफवा आहे. शंका असेल तर पंपावर ५ लिटरचं शिक्का मारलेलं माप मागा, तुमच्यासमोर भरून दाखवावं लागतं. ५ लिटरला २५ मिलीपर्यंत फरक चालतो, त्याच्या पुढं तक्रार करा.

उदगीरकर_दादा
आमच्याकडं माप मागितलं तर "साहेब नाहीत" म्हणतात. आणि पेट्रोल सकाळी भरायचं, थंड असतं, जास्त बसतं.

ओबीडी_वेडा (नांदेड)
जमिनीखालच्या टाकीचं तापमान सकाळ-दुपार फारसं बदलत नाही. ४२ डिग्रीत उभं राहायचं नसेल तर जा सकाळी, पेट्रोलसाठी नको.
आता मूळ प्रश्नावर. पंधराशेत ब्लूटूथचा ओबीडी डोंगल येतो, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरचे आकडे मोबाईलवर दाखवणारं यंत्र, स्टिअरिंगखालच्या सॉकेटला लावायचं. माझ्याकडं आहे, आवडतोही. पण ॲव्हरेजसाठी घेऊ नका. बऱ्याच छोट्या पेट्रोल गाड्यांत हवा मोजणारा सेन्सर नसतो, नुसता दाब मोजणारा असतो. मग ॲप हवेचा अंदाज करून पेट्रोलचा अंदाज करतं. तो अंदाज जुळवायला शेवटी टाकी फुल ते टाकी फुलच करावं लागतं. म्हणजे पंधराशे घालून परत अण्णांकडंच.
तुमच्या स्क्रीनवरचे १९ आहेत तेही हिशोबच आहे. इंजेक्टर किती वेळ उघडा राहिला त्यावरून काढलेला. बहुतेक गाड्यांत तो खऱ्यापेक्षा थोडा गोडच असतो. सर खोटं बोलत नाहीत, स्क्रीन बोलते.

जालनेकर
मग कागदावर २२-२३ कसं छापतात?

ओबीडी_वेडा (नांदेड)
ती एआरएआयची, म्हणजे गाड्या तपासणाऱ्या संस्थेची चाचणी, पुण्यात. गाडी रोलरवर उभी करून, खोलीत, ठरलेल्या वेगाच्या तक्त्याप्रमाणं. सुमारे वीस मिनिटांचा खेळ, वेग ९० च्या वर जात नाही, एसी बंद. तिथं झरी नाही, बोरी नाही, गतिरोधक नाहीत अन् उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टरही नाही. तो आकडा दोन गाड्यांची तुलना करायला ठीक. पैसे वाटून घ्यायला नाही.

डिझेलच_बरं (लातूर)
इथेनॉलचं कुणीच बोलंना. पेट्रोलात २० टक्के पाणीच समजा ते. ॲव्हरेज तिथंच गेलं.

ऊसवाला (माजलगाव)
पाणी म्हणू नका. आमच्या उसाचं आहे ते. कारखान्याचं बिल त्यामुळं वेळेवर निघायलंय.

डिझेलच_बरं (लातूर)
तुमचं बिल निघालं, आमची टाकी रिकामी झाली. दोन्ही खरंच आहे.

ओबीडी_वेडा (नांदेड)
इथेनॉलच्या एका लिटरात पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश ऊर्जा असते. २० टक्के मिसळलं म्हणजे निव्वळ पेट्रोलच्या मानानं सहा-सात टक्के कमी. १७ ची गाडी १६ वर येईल, १२ वर नाही. बाकीचं उजव्या पायावर.

मॅग्नेटवाला_भो
पाईपला चुंबक लावा. मी जत्रेतून ४५० ला घेतलं.

सेलूची_बाई
फरक पडला?

मॅग्नेटवाला_भो
पहिल्या महिन्यात वाटलं. नंतर मेकॅनिकनं काढून टाकलं अन् त्याच्याच टूलबॉक्सला लावलं, पाने चिकटून राहतात म्हणे.

गोदाकाठ (गंगाखेड)
एक गोष्ट सुटली. किलोमीटर खरे आहेत का ते बघा. टायर झिजलेत किंवा साईज बदललीय तर मीटर पुढंमागं दाखवतं. हायवेच्या किलोमीटर दगडांवर किंवा मोबाईलच्या जीपीएसवर ५० किमी ताडून बघा. माझ्या गाडीत खऱ्या ५० ला मीटरवर ५१ च्या वर पडतात. हवाही बघा. ड्रायव्हरच्या दाराशी स्टिकर असतो तेवढी, सकाळी टायर थंड असताना. चार माणसं रोज बसणार तर तोच आकडा बघा, पंपावरचा पोरगा म्हणतो तो नाही.
(परभणीत पेट्रोल एवढं महाग का, हा वेगळा धागा काढा कुणीतरी.)

उदगीरकर_दादा
जगात जर्मनी, भारतात परभणी. महाग असणारच.

गोदाकाठ (गंगाखेड)
टँकर मनमाडजवळच्या पानेवाडीहून येतो दादा. वाहतुकीचाच खर्च आहे तो. जर्मनीचा काय संबंध.

मास्तर_रोजफेरी
सव्वा महिन्यानं लिहितोय. अण्णांच्या पद्धतीनं तीन टाक्या केल्या, एकच पंप, एकच मशीन.
पहिली: ४८६ किमी, २९.८० लिटर.
दुसरी: ५१२ किमी, ३०.१० लिटर.
तिसरी: ३९८ किमी, २५.६० लिटर. हिच्यात दोन दिवस गावातली कामं अन् एसी फुल.
एकूण १३९६ किमी, ८५.५ लिटर, म्हणजे १६.३. स्क्रीन तेवढ्याच काळात १८.९ दाखवत होती. गोदाकाठचं ऐकून जीपीएस लावला, ५० ला ५१.२ पडतात. ते वजा केलं की १६ च्याही थोडं आत. म्हणजे मी मागत होतो ते बरोबर होतं, उलट थोडं कमीच.
हे सगळं स्टाफरूममध्ये फळ्यावर लिहून दाखवलं. गणिताचे सर म्हणाले, "तुमच्या टाकीला फेस येत असेल."

ड्रायव्हर_अण्णा (बीड)
आता वही ठेवा मास्तर. दर टाकीला लिहा, सहा महिन्यांत कुणी बोलणार नाही.

सेलूची_बाई
+१. आणि टायर, सर्व्हिस, विमा यांचं काय? गाडी तुमची झिजतेय, नुसत्या पेट्रोलचे पैसे घेऊन भागत नाही. किलोमीटरला ठरावीक रुपये लावा.

ओबीडी_वेडा (नांदेड)
ताईंचं ऐका. किलोमीटरचा दर ठरवा, ॲव्हरेजचा विषयच संपतो.

डिझेलच_बरं (लातूर)
दर सांगितला की परत तोच वाद, नव्या आकड्यावर. डिझेल घ्या.

मास्तर_रोजफेरी
सगळ्यांचं वाचलं. वही नाही, दर नाही, डोंगल नाही. आम्ही पाळी लावलीय. ज्याचा आठवडा, त्यानं शनिवारी स्वतः पंपावर उतरून टाकी फुल करायची, स्वतःच्या पैशानं. किती लिटर बसलं ते त्यानं बघावं. टायर-सर्व्हिस माझ्याकडं, गाडी माझीच आहे, घरच्यांनाही लागते. ताई, तुमचं पटलं होतं, पण पुन्हा फळ्यापुढं उभं राहायचं त्राण नाही.
पहिला आठवडा गणिताच्या सरांचा गेला. ३४ लिटर बसलं. पावती बराच वेळ हातात धरून होते, काही बोलले नाहीत.
पंधराशेचे सीट कव्हर घेतले.

सेलूची_बाई
आणि सुट्टीचा आठवडा ज्याच्या वाट्याला येईल तो फुकट सुटला का?

मास्तर_रोजफेरी
दिवाळीची सुट्टी लागते तो आठवडा सरांनी आधीच मागून घेतलाय.