शांत वर्कस्टेशनसाठी प्रोसेसर: ६५ वॅटचा आकडा किती खरा?

मुका_पंखा: कानापासून हातभर अंतरावर राहणारं मशीन जोडायचंय. दिवसभर एडिटर आणि ब्राउझर, मधूनमधून दहा-पंधरा मिनिटांचं कंपाइल (कोडचा चालणारा प्रोग्रॅम बनवणं). वेगळं ग्राफिक्स कार्ड नको. एएमडीचा रायझन ९ ७९०० की इंटेलचा कोअर आय७-१३७००? दोन्हींवर ६५ वॅटच लिहिलंय. की सरळ इंटेलचा ३५ वॅटचा 'टी' (कमी विजेची आवृत्ती) घ्यावा?

वॅटमीटर: ६५ हा आकडा दोन्ही कंपन्या वेगवेगळ्या अर्थाने छापतात. ७९०० सलग ८८ वॅटपर्यंत ओढू शकतो, त्याच्या वर नाही. १३७००चे ६५ म्हणजे फक्त पीएल१, सलग चालण्याची मर्यादा. पीएल२, म्हणजे थोड्या वेळाची वरची मर्यादा, आहे २१९ वॅट. पीएल२ साधारण २८ सेकंदच चालावा अशी अपेक्षा, पण बरेच मदरबोर्ड ही मुदतच उडवून येतात. मग कंपाइल संपेपर्यंत पंखा बोंबलत राहतो. बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) पीएल१ ६५ आणि पीएल२ ९० हाताने भरा, 'ऑटो' ठेवू नका. शेवटच्या थोड्या मेगाहर्ट्झसाठी व्होल्टेज फार चढतं, त्यामुळे मर्यादा घातली तरी वेग त्या मानाने कमीच घटतो.

'टी'च्या भानगडीत पडू नका. चिप तीच, फक्त मर्यादा खाली. १३७००टीचा पीएल२सुद्धा १०६ आहे.

आणि १३७०० घेतलाच तर २०२४ चं ०x१२बी मायक्रोकोड (जादा व्होल्टेजने चिप खराब होण्याचा दोष आवरणारी इंटेलची दुरुस्ती) किंवा त्यानंतरचं असलेलं बायोस आधी टाका, बाकी सगळं नंतर.

रिकामा_कोअर: नुसतं बसून राहण्यात मात्र इंटेल पुढे. ७९००मध्ये दोन सीसीडी (कोअरचे तुकडे) आणि वेगळा आयओ डाय (बाहेरच्या जोडण्यांचा तुकडा), त्यामुळे काही न करताही पॅकेज, म्हणजे अख्खा प्रोसेसर, २० वॅटच्या आसपास खातं. अखंड चिपचा १३७०० त्याहून बराच खाली उतरतो, पण एएसपीएम (पीसीआय जोडणीची वीजबचत) बंद असलेलं एखादं पीसीआय कार्ड खोल सी-स्टेट (प्रोसेसरची गाढ झोप) अडवतं, ते तपासा. अर्थात २० वॅट १२० मिमी पंख्याच्या टॉवर कूलरला काहीच नाही. तो प्रश्न बिलाचा, आवाजाचा नव्हे.

वॅटमीटर: बरोबर. कान खातो तो पंख्याचा चढउतार. टॅब उघडला की छोट्याशा डायचं तापमान क्षणात १५-२० अंश उडतं आणि पंखा लगेच मागे धावतो. ७० अंशांपर्यंत पंखा एकाच वेगावर सपाट ठेवा, ६००-७०० आरपीएम. पुढे हळू चढ द्या, आणि 'स्टेप अप'ला (पंख्याचा वेग वाढायला) पाचेक सेकंदांचा उशीर. ७९००ची कमाल ९५ अंश आहे, ७५ बघून घाबरू नका. माझं मत ७९००ला.

मुका_पंखा: ७९००वर कर्व्ह ऑप्टिमायझर (कोअरचं व्होल्टेज पायरीपायरीने कमी करणारं सेटिंग) सरसकट -३० चालेल?

रिकामा_कोअर: सरसकट नको. -१० पासून सुरू करा. पूर्ण भारावर पास झालं म्हणजे झालं असं नाही: तिथे सगळे कोअर कमी वेगाने चालतात. एकटा कोअर कमाल बूस्टला (सर्वाधिक वेगाला) जातो तेव्हा व्होल्टेज अपुरं पडतं, म्हणून मशीन रिकामं असताना रीस्टार्ट होतं. कोअरसायकलर या चाचणी-प्रोग्रॅमने एकेक कोअर रात्रभर तपासा. जो पडेल त्यालाच पाच पायऱ्या परत द्या.