प्रति : रेस्टॉरंटच्या कामाला इतके प्रशिक्षण कशाला?

थीम पार्कच्या रेस्टॉरंटात पाहुण्यांना बसवण्यासाठी आणि ऑर्डर घेण्यासाठी इतके दिवस प्रशिक्षण कशाला, असा प्रश्न वर आला आहे. पुण्यात हॉटेल मॅनेजमेंटच्या विद्यार्थ्यांना शिकवताना मलाही तो वारंवार विचारला जातो. शहरातल्या हॉटेलात गर्दी हळूहळू वाढते, पण पार्कमध्ये एखादा खेळ संपला किंवा पावसाची सर आली की उन्हाने थकलेली मुले आणि रांगेत ताटकळलेले आजी-आजोबा एकदमच दाराशी येतात. अशा वेळी दिसेल त्या रिकाम्या टेबलावर सर्वांना लगोलग बसवले, तर साऱ्या ऑर्डर एकाच वेळी स्वयंपाकघरात जाऊन थडकतात. म्हणून दारावरच्या माणसाला थोडे अंतर राखून बसवण्याचा, आणि थांबलेल्यांना खरी वेळ सांगण्याचा सराव हवा.

डिस्नेच्या पार्कमध्ये सुरक्षितता, सौजन्य, सादरीकरण आणि कार्यक्षमता असा अग्रक्रम शिकवला जात आला आहे (पुढे त्यात समावेशकतेची भर पडली). कार्यक्षमता सुरक्षिततेच्या मागे आहे, हे मला फार मोलाचे वाटते. मुलाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे असे आईने सांगितल्यावर ‘बहुधा नसेल’ हे उत्तर कधीही देऊ नये; स्वयंपाकघरात विचारूनच सांगावे.

खोपोलीजवळच्या इमॅजिकासारख्या थीम पार्कमध्ये कामाला जाऊ इच्छिणाऱ्यांनी जैन जेवणाचे नियमही आधीच शिकून घ्यावेत, कारण कांदा-लसूण वगळला तरी बटाटा वगळायचा राहून जातो.