आजेकाकांचा शोध: पोर्तुगीज दप्तर सोडा

गोव्यातल्या बार्देशातले तुमचे आजेकाका दुसऱ्या महायुद्धात मारले गेले, पण पोर्तुगीज सैन्याच्या कागदांत त्यांचा पत्ता नाही, असं तुम्ही लिहिलंय. लागणार कसा? पोर्तुगाल त्या युद्धात तटस्थ होतं! आपले तरुण पोटासाठी मुंबई गाठायचे, तिथून ब्रिटिशांच्या फौजेत नाहीतर बोटींवर. म्हणून आधी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या, म्हणजे ब्रिटिशांच्या बाजूने लढताना मेलेल्यांच्या कबरी नि नोंदी सांभाळणाऱ्या संस्थेच्या, वेबसाइटवर शोधा. तुकडी, मृत्यूची तारीख, कधीकधी आईवडिलांची नावंसुद्धा मिळतात. आडनाव मात्र निरनिराळ्या तऱ्हांनी टाका. कारकुनांनी मनाला येईल तसं लिहिलेलं असतं. बोटीवर असतील तर मुंबईत धोबीतलावाजवळ तुमच्या गावची कूड, म्हणजे गावच्या माणसांची उतरायची सामाईक जागा, आहे का, विचारा. जन्माची नोंद गावच्या इगर्जीत (चर्चमध्ये) बघा. आणि फोटोतल्या टोपीवरचा बिल्ला मोठा करून इथे टाकाल का? पलटण त्यावरून ओळखता येईल बहुतेक.