सावंतवाडी दोन दिवसांत पाहायची आहे: चित्रे, वास्तू, पेहराव आणि चित्रपट

खाडीकाठची (देवगड)

नमस्कार. आम्ही चौघी मैत्रिणी कार्तिकात दोन दिवस सावंतवाडीला जाणार आहोत. एक वास्तुकलेचे शिक्षण घेते, दुसरीचा शिवणकामाचा व्यवसाय आहे, तिसरीला चित्रपटांचे वेड आहे आणि मी शाळेत चित्रकला शिकवते. याआधी मी तिथे दोनदा जाऊन आले. दोन्ही वेळा मोती तलावाच्या कठड्यावर बसले, चितार आळीतून लाकडी फळांची परडी घेतली आणि परतले. घरी आल्यावर लक्षात आले, की ही फळे घडवणारा हात मी पाहिलाच नाही. मागच्या खेपेस एका दुकानातून हाताने रंगवलेली म्हणून घेतलेली गंजिफाही (गोल पत्त्यांचा जुना खेळ) छापील निघाली आणि त्याचे मला अजून वाईट वाटते.

चौघींचे चार विषय दोन दिवसांत बसवायचे, तर कुठून सुरुवात करावी? आणि हस्तकाम ओळखायचे कसे?

तळ्याकाठचा (सावंतवाडी)

ताई, चार विषयांसाठी चार ठिकाणे शोधू नका. आमच्या या भागात विष्णूचे दहा अवतार पत्त्यांवर आहेत आणि दशावतार या आमच्याकडच्या लोकनाट्याच्या रंगमंचावरही आहेत. राम आणि कृष्ण तर कुडाळजवळच्या पिंगुळी गावच्या चित्रपोथ्यांतही भेटतात. तो एक धागा धरलात, तर चौघींनाही आपापले काही ना काही सापडेल.

पहिली सकाळ राजवाड्याला द्या. तिसरे खेमसावंत (1755 ते 1803) यांच्या काळातील ही वास्तू तांबड्या जांभ्या दगडाची आहे. जांभा खाणीतून काढताना मऊ असतो आणि वारा लागला की कठीण होत जातो. म्हणूनच त्याचे चिरे पाडणे सोपे आणि भिंत मात्र टिकाऊ. तुमच्या वास्तुकलेच्या मैत्रिणीला गावातली गिलावा न केलेली एखादी जुनी गडग्याची भिंत मुद्दाम दाखवा. हाताने तासलेल्या चिऱ्यावर हत्याराचे तिरपे, कमीजास्त खोलीचे घाव दिसतात, तर यंत्राने कापलेल्या चिऱ्यावर सरळ, समांतर रेघा. बोटे फिरवली तरी फरक कळतो.

राजवाड्याच्या दरबार हॉलमध्ये कारागीर गंजिफा रंगवत बसलेले असतात. ही कला जवळजवळ संपत आली होती. 1970 च्या दशकात शिवरामराजे आणि सत्वशीलादेवी भोसले यांनी पुंडलिक चितारी या वृद्ध कारागिरांकडून ती पुन्हा शिकून घेतली आणि इतरांना शिकवली, म्हणून आज आपण ती पाहू शकतो. जुन्या पद्धतीत कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीने चिकटवून त्यांवर खडूचा लेप देत, दगडाने घोटून पृष्ठ गुळगुळीत करीत, मग रंगकाम आणि शेवटी लाखेचा हात. दशावतारी गंजिफेत 120 गोल पाने असतात: दहा अवतारांचे दहा रंग (पत्त्यांचे गट) आणि प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंतची पाने. मत्स्याच्या पानांवर मासे, कूर्माच्या पानांवर कासवे, परशुरामाच्या पानांवर परशू. दिवसा खेळ मांडला तर रामाचा राजा ज्याच्या हाती असेल त्याने सुरुवात करायची आणि रात्री कृष्णाचा राजा ज्याच्या हाती असेल त्याने, हा नियम मला फार आवडतो.

तुमच्या प्रश्नाचे उत्तरही इथेच आहे. मत्स्याच्या सत्ती-अठ्ठीच्या पानावरचे मासे एकमेकांशी ताडून पाहा. हाताने काढलेल्या माशांत एकाची शेपटी किंचित जाड, दुसऱ्याचा डोळा जरा पुढे असा फरक राहतोच. छापील पानावर सगळे मासे अगदी एकसारखे असतात आणि भिंगाखाली बारीक ठिपके दिसतात.

चितार आळीत खरेदीच्या आधी काम पाहू द्याल का, असे विचारा. दुपारच्या निवांत वेळी बहुतेक जण आनंदाने दाखवतात. लेथवर फिरणाऱ्या लाकडावर लाखेची कांडी दाबून धरतात, घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून लाकडावर पसरते आणि मग केवड्याचे पान लावून तिला चकाकी आणतात. तुम्ही घेतलेली फळे मात्र वेगळी. ती घडवून कुंचल्याने रंगवतात. त्यासाठी पांगाऱ्यासारखे हलके लाकूड वापरतात.

पागोळी (कुडाळ)

वरील प्रतिसादाशी मी पूर्ण सहमत आहे. दुसऱ्या दिवशी पिंगुळीला या, ते कुडाळच्या अलीकडेच आहे. ठाकर समाजाची चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या बाहुल्या तिथे एकत्र पाहता येतात. परशुराम गंगावणे यांनी आपल्या गोठ्याचे संग्रहालय केले आणि 2021 साली त्यांना पद्मश्री मिळाली. चित्रकथीची पोथी म्हणजे सुट्या चित्रांचा संच. कथेकरी गात गात एकेक चित्र समोर धरतो. त्यांतल्या व्यक्तींचे मोठे, लांबट डोळे आणि मुकुटांची ठेवण मनात ठेवा आणि आदल्या दिवशी गंजिफेत पाहिलेला राजा आठवा.

शिवणकाम करणाऱ्या ताईंसाठी माझा आग्रह एकच आहे: त्याच रात्री दशावतारी नाटक पाहा. कार्तिकापासून गावोगावच्या जत्रा सुरू होतात, तिथीप्रमाणे चौकशी करा. पण नाटक सुरू होण्याच्या तासभर आधी पोहोचा. प्रत्येक नट आपला आरसा आणि आपली ट्रंक घेऊन बसतो आणि आपला चेहरा आपणच रंगवतो. स्त्रीभूमिका पुरुषच करतात. एकदा माझ्या समोर बसलेल्या नटाने लुगड्याच्या निऱ्या दातांत धरून, दोन्ही हातांनी कासोटा मागे खोचला आणि एकही टाचणी न लावता पदर असा बसवला, की पहाटेपर्यंतच्या नाचात तो ढळला नाही. दहा वर्षांपूर्वीची ही गोष्ट, पण लुगडे नेसण्यातले कौशल्य मला त्या रात्री समजले. संवाद लिहिलेले नसतात. आख्यान ठरते आणि बाकी सगळे तिथल्या तिथे घडते.

सड्यावरचा (रत्नागिरी)

चित्रपटांविषयी थोडे लिहितो. 2004 चा ‘श्वास’ घरून निघण्यापूर्वी पाहा. त्यातील काही भाग सिंधुदुर्गात चित्रित झाला आहे. त्यातले गाव पाहून मग तुमची गाडी कुडाळ-सावंतवाडीच्या रस्त्याला लागली, की घरांची पाखी, खळे आणि माडांमधून येणारा उजेड तुम्ही वेगळ्या नजरेने पाहाल. चित्रीकरणाच्या जागा शोधत फिरण्यात मात्र वेळ घालवू नका.

वेंगुर्ल्याची डच वखारही याच फेरीत पाहावी, असे तुम्हाला कोणीतरी सुचवील. वखार पाहण्याजोगी आहे, पण रात्रभर दशावतार पाहून सकाळी भग्नावशेषांत उभे राहणे त्या वास्तूवर अन्याय करणारे होईल. तिच्यासाठी वेगळा दिवस ठेवा.

खाडीकाठची (देवगड)

सर्वांचे मनापासून आभार. वेंगुर्ले या खेपेस वगळले. शिवणकाम करणाऱ्या मैत्रिणीने आईचे जुने नऊवारी लुगडे बरोबर घ्यायचे ठरवले आहे, कारण तो निऱ्यांचा प्रकार तिला स्वतः करून पाहायचा आहे. एक शंका उरते. रंगभूषा चालू असताना तिथे बसून रेखाटन केलेले चालेल का? नटांना संकोच वाटू नये, अशी माझी इच्छा आहे.

पागोळी (कुडाळ)

नाटक कंपनीच्या मालकांना आधी विचारा. ते बहुधा होच म्हणतात. चपला बाहेर काढा, कारण आत पेटाऱ्यात कंपनीचा गणपती असतो आणि तिथे पूजा होते. कॅमेऱ्याचा फ्लॅश वापरू नका आणि आरसा व नट यांच्या मध्ये बसू नका. रेखाटन झाल्यावर ते त्या नटाला दाखवा.