कलाशिक्षणाची बाजू गणिताच्या गुणांवर मांडावी का?

धागाकर्ती:
कला शिकल्याने मुले अभ्यासात पुढे जातात, हे आपण इतक्यांदा ऐकले आहे की त्याचा पुरावा मागायचे कुणाला सुचत नाही. एलन विनर आणि लोइस हेटलंड या मानसशास्त्रज्ञांनी हार्वर्ड विद्यापीठाच्या ‘प्रोजेक्ट झिरो’ या संशोधन केंद्रात तो शोधला. १९५० ते १९९९ या काळातील संशोधन चाळून त्यांनी निकषांत बसणारे १८८ अहवाल निवडले आणि त्यांचे एकत्रित विश्लेषण २००० साली प्रसिद्ध केले. वर्गातील नाट्यीकरणाने भाषिक कौशल्ये सुधारतात आणि संगीताचा अवकाशीय आकलनाला (आकार आणि जागा मनात हाताळण्याच्या क्षमतेला) काही उपयोग होतो, एवढेच कार्यकारणाच्या कसोटीवर उतरले. बाकीचे बहुतेक दावे टिकले नाहीत. कला विषय घेणाऱ्या अमेरिकी मुलांना गुण अधिक असतात हे खरे. परंतु ते कलेमुळे वाढले, की मुळात चांगले गुण मिळवणारी मुलेच कलेकडे अधिक वळतात, हे त्यावरून ठरत नाही. या निष्कर्षामुळे कलाशिक्षणाचे समर्थकच विनर यांच्यावर रागावले. मला मात्र कलेची बाजू इतर विषयांच्या गुणांवर मांडू नये, ही विनर यांची भूमिका पूर्णपणे पटते. गणितासाठी चित्रकला हवी असे आपणच म्हटले, तर त्यापेक्षा गणिताचाच तास वाढवा, या सूचनेला आपल्याकडे उत्तर उरत नाही.

प्रतिसाद १ (प्राथमिक शिक्षक):
मी सहमत नाही. ज्या शाळेत रंग, वाद्ये आणि शिक्षक आधीच आहेत, तिथे कलेसाठी कला म्हणणे परवडते. जिथे पहिली कात्री नेहमी कलेच्या तासाला लागते, तिथे मुख्याध्यापकांपुढे काहीतरी दाखवता येण्याजोगे ठेवावे लागते, आणि तसे पुरावे आहेतही. ह्यूस्टनमध्ये ब्रायन किसिडा आणि डॅनिएल बोवेन यांनी ४२ शाळांतील दहा हजारांहून अधिक मुलांचा अभ्यास करून २०१९ साली निष्कर्ष मांडले. कोणत्या शाळांना वाढीव कलाशिक्षण मिळणार हे चिठ्ठ्या टाकून ठरवले होते, त्यामुळे तुमचा ‘मुळात चांगली मुले’ हा आक्षेप इथे लागू होत नाही. या शाळांत शिस्तभंगाच्या तक्रारी घटल्या, लेखनाचे गुण वाढले आणि इतरांविषयीची कणवही वाढली. एवढे हाती असताना गप्प बसायचे कशासाठी?

धागाकर्ती:
गप्प बसू नये, हे मान्य. पण त्याच अभ्यासात वाचन, गणित आणि विज्ञान यांच्या गुणांत ठळक फरक आढळला नाही, हेही सांगायला हवे. म्हणजे जे सापडले ते कलेच्या स्वभावाला धरूनच आहे.

प्रतिसाद २ (चित्रकला शिक्षिका, माध्यमिक):
आपल्याकडे हा वाद पुस्तकी नाही. एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या ग्रेड परीक्षांच्या आधारे दहावीत वाढीव गुण मिळतात. त्यामुळे माझा वर्ग भरतो, हे मी नाकारत नाही; त्या गुणांवाचून कित्येक पालकांनी मुलांना पाठवलेच नसते. मात्र स्थिरचित्र काढताना भांड्याच्या कडेचा लंबगोल नीट पाहण्याऐवजी ‘बाई, एवढ्यावर ए ग्रेड मिळेल का?’ असे मुले विचारतात, तेव्हा फार वाईट वाटते. विनर आणि हेटलंड यांनी पुढे बॉस्टन परिसरातील दोन शाळांचे कलावर्ग पाहून निरीक्षण, मनात चित्र उभे करणे, चिकाटी, स्वतःच्या कामाचे परीक्षण अशा आठ सवयी नोंदवल्या. त्या माझ्या वर्गातही दिसतात. पण परीक्षेच्या कागदावर उतरते ते केवळ शेवटचे चित्र.

प्रतिसाद १:
बाईंचा अनुभव मी मानतो. तरीही विचारतो: वाढीव गुण उद्या काढून टाकले, तर त्यांचा वर्ग चालू राहील याची हमी कोण देणार?

प्रतिसाद २:
कुणीच नाही, म्हणून गुण काढा असे मी म्हणणार नाही. माझी मागणी एवढीच आहे की ते गुण देताना मुलाची वर्षभराची स्केचबुकही तपासावी, कारण त्याने काय खोडले आणि पुन्हा कसे काढले, हे तिथेच दिसते.