मदत हवी आहे: फ्रॅजाइल एक्सची वाहक आहे. मनाचा त्रास मुलामुळे, की माझ्याच जनुकामुळे?

नमस्कार. लिहू की नको, असं बरेच दिवस चाललं होतं.

माझा मुलगा साडेचार वर्षांचा. बोलायला उशीर, गोंगाट झाला की कान झाकून कोपऱ्यात बसतो. गेल्या वर्षी जनुकीय तपासणीत फ्रॅजाइल एक्स निघालं, म्हणजे बोलणं, शिकणं आणि वागणं यांवर परिणाम करणारा आनुवंशिक आजार. मग माझं रक्त तपासलं. एफएमआर१ या जनुकात सीजीजी हा तुकडा माझ्यात ९२ वेळा येतो. ५५ ते २०० म्हणजे वाहक, २०० च्या पुढे पूर्ण आजार. माझ्याकडून त्याच्याकडे जाताना आकडा वाढला.

पण प्रश्न माझ्याबद्दल आहे. छातीत धडधड, रात्री तीनला जाग, फोन वाजला तरी पोटात गोळा. चार महिन्यांपासून तर सकाळी उठावंसंच वाटत नाही. घरचे म्हणतात, मुलाचं टेन्शन, दुसरं काय! अहो, पण हे मला कॉलेजपासून आहे. निकाल चांगला लागला त्या रात्रीही मी विनाकारण रडले होते. तेव्हा हा कुठे होता? माझा प्रत्येक वाईट दिवस त्याच्या नावावर टाकला जातो, ते मला सहन होत नाही.

जेनेटिक काउन्सेलर म्हणाल्या की वाहक स्त्रियांमध्ये चिंता आणि नैराश्य जास्त आढळतं. २०१८ मध्ये संशोधकांनी त्याला एफएक्सएएनडी असं नावही दिलंय. साधारण पाचातल्या एका वाहक स्त्रीची पाळी चाळिशीच्या आत थांबते, हेही तेव्हाच कळलं. मी ३५ ची आहे आणि माझी पाळी आठ महिने अनियमित आहे. मानसोपचारतज्ज्ञांना हे सगळं सांगितलं, तर त्यांनी फाइल बाजूला ठेवली आणि गोळ्या लिहून दिल्या. गोळ्या घेतेय, तीन आठवडे झाले. त्याबद्दल तक्रार नाही, पण हार्मोन्स तपासायला हवेत का, हे कुणाला विचारायचं? स्त्रीरोगतज्ज्ञांना, की एंडोक्राइनच्या डॉक्टरांना?

तुमच्यापैकी कुणी वाहक आहात का? गोळ्यांबरोबर समुपदेशन घेतलंत का, आणि फरक पडायला किती दिवस लागले? आधी कशाने बरं वाटलं, झोप की मन?

अजून एक. हे माझ्याकडे बाबांकडून आलंय, त्यांचीही तपासणी झाली. त्यांचे हात थरथरतात ते वयामुळे, असं आम्ही समजत होतो, पण तेही या जनुकामुळे असू शकतं. बाप वाहक असला की मुली सगळ्या वाहक असतातच, म्हणजे माझी धाकटी बहीणही. लहानपणापासून तिला सगळे घाबरट म्हणत आलेत, मीसुद्धा. आता त्या शब्दाची लाज वाटते. ती सध्या बाळाचा विचार करतेय, त्यामुळे तिला आधीच कळायला हवं. रविवारी ती घरी येणार आहे. तुम्ही आपल्या बहिणीला हे सांगितलं असेल, तर सुरुवात कशी केलीत?